दुधाची गाडी, पाण्याचा धूर

मी धूर मोजते असं सांगितलं, की लोकांना वाटतं मी पीयूसीच्या व्हॅनमध्ये बसते. मागे मला बघायला आलेल्या मंडळींनी पोहे खाऊन झाल्यावर हळूच विचारलं, "मुलाच्या मोटारसायकलचं सर्टिफिकेट जाता जाता होईल का?" आई आतून बघत होती म्हणून मी नुसत्या बश्या उचलल्या.

सायलेन्सरला नळी लावण्याचं काम माझं नाही. काळा धूर हा माझा विषयच नाही. मी मोजते तो वायू दिसत नाही, त्याला रंग नाही, वासही नाही. कार्बन डायऑक्साइड. तो रस्त्यावर पकडायचा नसतो, पेट्रोल पकडायचं असतं. पेट्रोल नेमकं किती जळलं ते कळलं, की वायू किती झाला ते साध्या गुणाकाराने येतं. लिटरभर पेट्रोल वजनाला पाऊण किलोच्या आसपास, पाण्याहून हलकं. ते जळून होणारा वायू मात्र सव्वादोन किलोहून जास्त भरतो. हे ऐकून शाळेतली पोरंसुद्धा मला खोटं पाडतात. वाढीव वजन येतं हवेतून. पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन बरोबर बांधून घेतो आणि दोघं मिळून निघून जातात.

हे एकदा डोक्यात बसलं की माणूस पूर्वीसारखा रस्ता बघू शकत नाही. उन्हाळ्यात गेवराईच्या पुढे डांबरावर लांब पाणी साचल्यासारखं दिसतं. आपण जवळ जावं तसं ते पुढे सरकतं. मला त्या पाण्यावर मोटारसायकलींच्या मागे सुटलेली वायूची गाठोडी तरंगताना दिसतात. एकेका गाडीमागे माळ लागलेली असते, वाऱ्याने हलत असते, आणि कुणीही मागे वळून बघत नाही.

खरं तर मी आकड्यांच्या वाटेला जाणारी मुलगी नव्हते. मला अक्षरओळख झाली ती वडिलांच्या पत्रकांवरून. गुलाबी कागद, बोटाला लागणारी शाई, आणि प्रत्येक ओळीनंतर उद्गारचिन्ह. 'संस्था सभासदांची, कुणाच्या बापाची नाही!' हे वाक्य मी शाळेच्या पहिल्या पुस्तकाआधी वाचलं. घरात गठ्ठे इतके असायचे की पाहुणा आला तर त्याला बसायला पत्रकांची बैठक मिळायची. पुढे अंबाजोगाईला रसायनशास्त्र शिकले तेव्हा जाणवलं, की आकड्याला उद्गारचिन्ह लागत नाही. तो नुसता उभा राहतो आणि समोरच्याला नजर चुकवावी लागते. मला वाटलं, आपलं पत्रक आता हेच.

तेव्हा दुष्काळ होता. उमापूरच्या बाजूच्या एका दूध संस्थेला कुठल्याशा निधीतून बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी गाड्या मिळणार होत्या. वाड्यावस्त्यांवरून मोटारसायकलला कॅन लटकवून दूध आणणाऱ्या रायडरांच्या हातात या गाड्या जाणार होत्या. पण आधी मोजायचं होतं, की आज पेट्रोल जळून वायू किती होतो आणि दुधाच्या दर लिटरमागे तो किती पडतो. निधीवाल्यांची एक अट होती. ज्या रूटचा आकडा फार मोठा, तो रूट बंद करायचा आणि लोकांनी दूध मोठ्या रस्त्यावर आणून घालायचं. आकडे काढायला मला नेमलं. माझ्या वर पुण्याचे साहेब होते. ते फोनवरच असायचे.

मोजायची रीत सोपी आहे. सकाळी गार वेळेला टाकी काठोकाठ भरायची. काही दिवस गाडी पळवायची. मग पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्या वेळी जेवढं पेट्रोल मावलं, तेवढं जळलं. मोजणी संपेपर्यंत पेट्रोल संस्थेने भरायचं ठरलं.

यात अडचण एवढीच आली, की आमच्या रायडरांपैकी कुणीही आजवर टाकी काठोकाठ भरलेली नव्हती. पंपावरच्या माणसाने "फुल?" असं दोनदा विचारलं आणि मग माझ्याकडे बघितलं. एकाने टाकीला हळदकुंकू लावलं. खडकवस्तीचा लिंबाजी झाकण उघडून वाकला आणि आत बघत राहिला. मी विचारलं, "काय बघता?"

"तोंड दिसतंय ताई," तो म्हणाला. "हिच्यात कधी तोंड दिसलंच न्हवतं."

लिंबाजी म्हणजे हाडकुळा, मितभाषी माणूस. डोक्याला कायम ओला पंचा, आणि गाडी अशी की तिचा किलोमीटरचा काटा कोणत्या साली थांबला ते त्यालाही सांगता येत नव्हतं. म्हणून त्याचा रूट मी माझ्या स्कूटरवर त्याच्यामागे जाऊन मोजला. खडकवस्ती डोंगराच्या पोटात. रस्ता म्हणजे नुसते दगड, आणि त्या दगडांवरून दुधाचे कॅन टाळ वाजवत येत.

मोजणीत नाना तऱ्हेचे लोक भेटले. एकाला वाटलं ही परीक्षा आहे आणि कमी आकडा येईल तो पास. तो उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायचा. एका वळणावर कॅनसकट बाभळीत गेला आणि तिथूनच मला ओरडून विचारलं, "हे मोजनार का ताई?" दुसऱ्याला कुणी सांगितलं, की धूर जास्त त्याला गाडी आधी. तो गाडी स्टँडवर लावून, चालू ठेवून जेवायला बसायचा. दोघांनाही समजावता समजावता मला कळलं, की आकडा कोण मागतंय हे दिसलं की माणूस त्याप्रमाणे गाडी चालवतो. हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं.

मग लिंबाजीचा आकडा आला.

तो इतका मोठा होता की मी गुणाकार पुन्हा केला. टाकी गळत असेल म्हणून खाली कोरडा कागद अंथरून बघितला. गळत नव्हती. दुष्काळाने दूध आटलं होतं, त्यामुळे दर लिटरमागचा वायू सगळ्याच रूटांचा वाढला होता. गाडी तीच, खेप तीच, कॅन अर्धा. पण लिंबाजीचं पेट्रोल त्या हिशेबातही बसेना. तेवढ्या पेट्रोलमध्ये तो रोज बीडला जाऊन आला असता.

पुण्याचे साहेब म्हणाले, "गळती किंवा चोरी. रूट बंद. सोपं आहे."

संस्थेचे चेअरमन अण्णा म्हणजे तालुक्यातले बडे बागायतदार, आवाज ट्रॅक्टरसारखा. त्यांनी लिंबाजीला दूध गार करायच्या चिलिंग सेंटरवर बोलावलं. माझ्यासमोरच विचारलं, "इकतोस का बे पेट्रोल?"

"न्हाई अण्णा."

"मंग जातंय कुठं?"

"जळलं आसंल."

"जळलं आसंल! संस्थेचं हाय म्हनून जळतंय का? ह्या म्हैन्याच्या मीटिंगीत तुजा निकाल लावतो. चोर निघालास तर रूट बंद आन् सभासदकीबी बंद."

लिंबाजीने पंचा डोक्यावरून काढला, पिळला, परत बांधला आणि बाहेर गेला. मला त्याचा राग आला. खरं असेल तर माणसाने बोलावं, असं मला लहानपणापासून छापील स्वरूपात शिकवलं होतं. रूट बंद झाला तर खडकवस्तीच्या बायांना त्या दगडांतून दूध डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत यावं लागणार होतं. शेतात काही नव्हतं. घरात येणारा पैसा होता तो त्या अर्ध्या कॅनचा. आणि हा माणूस म्हणतो, जळलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी न सांगता खडकवस्तीकडे निघाले. फाट्यावर शिवआप्पांचं किराणा दुकान आहे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, समोर गोळ्यांच्या बरण्या, आणि बरण्यांशेजारी पाण्याच्या जुन्या बाटल्यांतून भरून ठेवलेलं पिवळं पेट्रोल. पंप लांब, म्हणून वस्तीवरचे लोक इथूनच बाटलीने पेट्रोल घेतात. आप्पांनी मला बघून हात जोडले, पण नमस्कारासाठी नव्हे.

"बाई, तुमच्या त्या कार्बनानं माजं दुकान बसलं की हो."

"मी काय केलं, आप्पा?"

"आवो, खडकवस्तीचं एक मानूस बाटली न्यायला तयार न्हाई. म्हैना झाला. तिथल्या गाड्या तर दिसभर फिरत्यात. वाऱ्यावर चालायल्या का?"

मी बाटल्यांकडे बघितलं. त्यांच्यावर धूळ बसली होती. ऊन त्यांच्यातून आरपार जाऊन फरशीवर पिवळे डाग पाडत होतं. मी चहा न घेताच निघाले.

वस्तीवर पोचले तेव्हा लिंबाजी नव्हता, तालुक्याला गेला होता. गाडी मात्र दारात लिंबाखाली उभी होती. वस्ती इतकी शांत की भिंतीवरच्या सावल्या सरकताना ऐकू येतील असं वाटावं. तेवढ्यात एक बाई आल्या. काळ्यासावळ्या, पदर खोचलेला, हातात रिकामी बाटली. लिंबाला सलाइनची पारदर्शक नळी टांगलेली होती. त्यांनी ती काढली, लिंबाजीच्या टाकीत सोडली, तोंडाने ओढून घेतली, थुंकल्या आणि बाटली भरू लागल्या. इतक्या निवांत, की जणू रांजणातून पाणी घेत होत्या.

"चोरी!" मी ओरडले. माझ्या तोंडून उद्गारचिन्हच बाहेर पडलं.

"कावून वरडतीस, बाई?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "भरताना सांडतंय ना."

या शेवंताकाकू. दोन म्हशींच्या मालकीण, संस्थेच्या जुन्या सभासद. बाटलीला बूच लावून त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि मी विचारायच्या आतच सांगायला लागल्या. टँकर वस्तीवर चढत नाही, फाट्याच्या अलीकडे विहिरीत पाणी ओतून जातो. तिथून ते आणायचं मोटारसायकलला ड्रम बांधून. कधी हिचा पोरगा जातो, कधी तिचा नवरा, पण पाणी सगळ्या घरांचं आणायचं. ज्याच्या गाडीत पेट्रोल असेल त्याच्या टाकीतून काढून घ्यायचं. आज त्याच्या, उद्या याच्या. कोण किती घेतो, कुणी बघत नाही.

"पण हे संस्थेचं पेट्रोल होतं, काकू. मोजणीचं."

"मंग? संस्था कुनाची हाय?"

मी वही उघडली आणि मिटली.

"तूच सांग की. शिकलेली हायेस. संस्था आमचीच न्हाई का? आमी म्हनलं, संस्था शानी झाली, दुष्काळ हाय म्हनून वस्तीला पेट्रोल भरून द्यायली. लिंबाजीची टाकी फुल झाली त्या दिसी आमी नारळ फोडला. इरजनाला वाटीभर दही न्हेलं तर तुमच्याकडं चोरी म्हनत्यात का?"

ती गुलाबी पत्रकातली ओळ मी हजार वेळा वाचली असेल. सभांमधून ती घोषणा म्हणून ऐकली असेल. पण एखाद्या माणसाने तिच्यावर विश्वास ठेवून, नळी लावून, त्याप्रमाणे दुपारचं काम केलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. ओट्यासमोरच्या उन्हात पेट्रोलचा वास तरंगत होता. उघड्या टाकीच्या वाफेतून पलीकडचा डोंगर हलत होता, विरघळत होता, पुन्हा उभा राहत होता. मला कळेना की मी जे मोजायला आले ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं.

"लिंबाजी हे अण्णांना का सांगत नाही?"

"सांगितलं आन् अण्णांनी टाकी बंद केली तर पानी कशानं आनायचं? त्यो म्हनला, मला चोर म्हनू द्या, म्हैना निघू द्या."

मीटिंग चिलिंग सेंटरच्या पत्र्याखाली भरली. दुपारची वेळ, पत्रा तापलेला, आत दूध गार करणाऱ्या मशिनीची घरघर. खडकवस्ती झाडून आली होती. लिंबाजी चोर ठरू नये म्हणून मी आधीच अण्णांना जे बघितलं ते सांगितलं होतं. ते ऐकून त्यांचा राग लिंबाजीवरून वस्तीवर गेला होता, एवढाच फरक.

"ज्यानं ज्यानं लिंबाजीच्या टाकीतून पेट्रोल काढलं त्यानं उभं ऱ्हावं," अण्णा म्हणाले. "मंग बघतो कोन सभासद ऱ्हातंय."

कुणी हललं नाही. लिंबाजी खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, संपलं. भीतीपुढे कुठलंच पत्रक चालत नाही.

शेवंताकाकू उठल्या. "मी काढलं. रोज दोन बाटल्या."

ते खोटं होतं. त्या दुपारी ओट्यावर त्याच मला म्हणाल्या होत्या की आठवड्यातून दोनदा. तोवर मागून एक म्हातारे उठले. "माज्या नातवानं तीन काढल्या." त्यांच्या शेजारचा तरुण म्हणाला, "मी तर सासुरवाडीला गेलतो त्याच गाडीतल्या पेट्रोलवर. चार धरा." एक बाई म्हणाली, तिच्या नवऱ्याच्या पाच धरा, तो लाजतो. पत्र्याखाली एकदम गलका झाला. जो तो आपली बाटली वाढवत होता. मी लिहून घेत होते आणि बेरीज करता करता थांबले.

"अण्णा," मी म्हणाले, "यांनी काढलेलं पेट्रोल आपण भरलेल्या पेट्रोलपेक्षा जास्त होतंय."

"म्हंजी?"

"म्हणजे यांचं खरं मानलं तर लिंबाजीच्या गाडीला एक थेंबसुद्धा उरत नाही. दूध आणायला."

अण्णांचं पोट हसण्याने हलायला लागलं. "म्हंजी लिंबाजी, तू म्हैनाभर गाडी ढकलीत आनलीस का बे?"

सगळा पत्रा हसला. लिंबाजीसुद्धा हसला, पण त्याने पंचा तोंडावर धरला होता आणि तो लवकर खाली घेतला नाही.

हसणं थांबल्यावर अण्णांनी मला विचारलं, "आता तुमीच सांगा बाई. ही चोरी हाय का न्हाई?"

मी उभी राहिले. भाषण करायची ती संधी होती आणि माझ्या रक्तात भाषण आहे. पण तोंडातून निघालं ते एवढंच: "पेट्रोल जळलं आहे. वायू झाला आहे. तो दुधाचा म्हणून लिहिला तर खोटं होईल, चोरीचा म्हणून लिहिला तरी खोटं होईल. अर्धाअधिक पाण्याचा आहे. मला दोन्ही वेगळं मोजू द्या."

अण्णांनी रुमालाने मान पुसली. "मोजा. तवर लिंबाजीचा रूट चालू."

मग मी पाणी मोजलं. पाण्याच्या गाडीची टाकी वेगळी भरली, आणि वस्तीने त्या मोजणीपुरतं दुधाच्या गाडीला हात लावायचा नाही असं ठरवलं. नारायणगडाची आण घेतली आणि पाळली. मी ड्रमांच्या मध्ये अवघडून बसून खेपा केल्या. येताना पाणी पाठीवर हिंदकळायचं, शर्ट भिजायचा आणि वस्ती येईपर्यंत वाळायचा. कधी डोळा लागायचा आणि वाटायचं की गाडी रस्त्यावर नाही, कुठल्या तरी भरलेल्या तळ्याच्या काठाने चालली आहे. दगड लागला की जाग यायची.

दुधाचा आकडा अटीत बसला, जेमतेम. पाण्याचा त्याच्याहून मोठा निघाला. मी दोन्ही पाठवले. पुण्याचे साहेब म्हणाले, "पाणी आपल्या हद्दीत येत नाही. ती ओळ काढ." मी काढणार नाही म्हणाले. दोन दिवस फोनवर भांडले, पत्रकांतले सगळे शब्द वापरले. शेवटी अहवाल मंजूर होऊन आला तेव्हा दुधाची ओळ होती. पाण्याची त्यांनीच काढली होती. खडकवस्तीने दुष्काळात पाण्यासाठी जाळलेलं पेट्रोल आज कुणाच्याही खात्यावर नाही. ते कुठेतरी वर आहे, सगळ्यांचं. त्या ओळीची चुटपुट मला अजून आहे. रूट वाचला, लिंबाजी चोर ठरला नाही, हे माझं समाधान.

बॅटरीची गाडी वस्तीवर आली त्या दिवशी मी गेले होते. तिची वीजही कोळशाचीच असते, हे मला ठाऊक आहे आणि तो हिशेब मी वेगळा करते. पण दगडांवरून ती आवाज न करता वर आली तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकायची विसरली. गाडीबरोबर नियमांचा कागद होता: फक्त दुधासाठी. अण्णांनी तो लिंबाजीला वाचून दाखवला होता.

सगळी वस्ती गाडीभोवती जमली. शेवंताकाकू तिच्याभोवती पूर्ण फेरी मारून आल्या, खाली वाकून बघितलं, सीट उचलून बघितली. मग त्यांचा चेहरा उतरला.

"लिंबाजी, हिला टाकीच न्हाई की रे. आता काढायचं कशातून?"

लिंबाजीने माझ्याकडे बघितलं. मी डोंगराकडे बघितलं. त्याने रिकामे कॅन उतरवून ओट्यावर ओळीने मांडले, गाडीचा मागचा हौदा पंच्याने पुसून घेतला आणि म्हणाला, "काढायचं काय न्हाई, काकू. घागरी आना."